तुराजी आणि समोरचा वारा

गावांना नावं नव्हती तेव्हाची गोष्ट. करकोच्यांचा एक थवा डोंगर ओलांडून दक्षिणेकडे निघाला होता. सगळ्यांत पुढे म्हातारा पुढारी, त्याच्या पाठोपाठ तरणाबांड तुराजी. “आजोबा फार हळू नेतात,” असं तुराजी प्रत्येक मुक्कामावर सांगे. बोलणं गोड, पंख दणकट. शेवटी थव्याने त्यालाच पुढारी केलं. म्हातारा शेवटच्या जागी गेला.

पुढे होताच वाऱ्याने तुराजीच्या छातीवर अशी धडक दिली, की दुपारपर्यंत त्याचे पंख भरून आले. तळ्यावर उतरल्यावर त्याने विचारलं, “आजोबा, आजच एवढा वारा कसा?”

“वारा रोजचाच, बाळा. तू माझ्या आडोशाला होतास.”

तुराजी खाली मान घालून पाणी प्यायला आणि पुन्हा थव्याच्या पुढे झाला. पाठीमागून एक तरणी करकोची कुजबुजली, “हा फार हळू नेतो.”

तुराजीने पंख आणखी पसरले.