भेगाळलेला दांडा

लोखंड बोलायचं, रंगही बोलायचा, त्या काळातली गोष्ट. जत्रेतला जुना आकाशपाळणा गावानं बागेत आणला आणि गजरा लोहारीण तो दुरुस्त करू लागली. सगळा भार पेलणाऱ्या मधल्या दांड्याला भेग होती.

"गप बस, मी झाकतो," डब्यातला रंग दांड्याला म्हणाला. "कळलं तर भंगारात जाशील."

भंगाराला कोण भीत नाही? गजरानं वाळूची पोती घालून पाळणा फिरवून पाहिला, तेव्हाही दांडा गप्पच. पण पोरं चढून बसली, तसा तो ओरडला, "गजराबाई, उतरवा त्यांना. मला भेग आहे."

"इतका वेळ तोंडात काय कोंबलं होतंस, मेल्या?" म्हणत गजरानं दांडा बदलला. जुन्याची भेग कापून टाकली आणि उरलेला तुकडा पायरीशी, हातानं धरायला रोवला.

आता पहिल्यांदा पाळण्यात बसणाऱ्या म्हाताऱ्या एकमेकींना सांगतात, "ह्याला धर गं. हा फसवायचा नाही."