पेवात सोडलेला दिवा

काळ्या मातीच्या एका गावात लोक जोंधळा जमिनीखालच्या पेवात साठवत. पेव म्हणजे दोन पुरुष खोल खड्डा, आणि वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढंच तोंड. भरलं की ते दगडमातीनं लिंपून टाकायचं आणि घरातलं धान्य संपलं की उघडायचं. त्या गावात तुळसा नावाची एक सून नुकतीच नांदायला आली होती.

सासरचं पेव उघडायचा दिवस आला. तिचा नवरा भिवा कमरेला दोर बांधून तयार झाला. सासूबाईंनी पेवाच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं, शेजारी तेवता दिवा ठेवला आणि म्हणाल्या, "हं, उतर आता."

तुळसाला नवल वाटलं. "आत्याबाई, आमच्याकडं दिवा दोरीनं पार तळाशी सोडतात. तुमचा वरच का?"

"आमची रीत आहे तशी."

"पण दिवा लावायचा कशाला?"

"रीतीला कशाला म्हणून विचारू नये, पोरी. मी माझ्या सासूला कधी विचारलं नाही."

आता बघा, एखादी गोष्ट अशीच का करायची, यामागचा जो मूळ विचार, त्याला इंग्रजीत 'रॅशनाल' म्हणतात. लॅटिनमधल्या 'विचार' अशाच अर्थाच्या शब्दावरून तो आला. आपण साधं 'कारण' म्हणू. तर हे कारण खुद्द तुळसालाही ठाऊक नव्हतं. माहेरी तिनं नुसतं पाहिलं होतं, विचारलं तिनंही नव्हतं.

पण नवरा उतरणार म्हटल्यावर तिचा जीव खालीवर व्हायला लागला. नव्या सुनेनं गप्प राहायचं असतं, त्यात शेजारच्या चार बायका बघायला जमलेल्या. तरी तिनं पदर खोचला, दिवा शिंक्यात ठेवला आणि दोरीनं खाली सोडला. निम्म्यावर जाऊन तो विझला.

"झाला अपशकुन," म्हणत सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

भिवा हसला. "वाऱ्यानं विझला असेल," म्हणाला आणि त्यानं एक पाय आत टाकला.

तुळसानं त्याचा दंडच धरला. "अहो, बंद खड्ड्यात वारा कुठून येणार? थांबा जरा."

तिनं दिवा पेटवून पुन्हा सोडला. पुन्हा तो तेवढ्याच खोलीवर विझला. आता मात्र तिला उमगलं. "खालची हवा कोंडून नासलीय. जिथं ज्योत टिकत नाही, तिथं तुमचा श्वास कसा चालेल?"

भिवानं झटकन पाय मागं घेतला.

दोन दिवस पेव उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी दिवा तळाला टेकला आणि तेवत राहिला, तेव्हा कुठं भिवा उतरला आणि जोंधळ्याच्या पाट्या वर देऊ लागला.

सासूबाई मात्र बाजूला बसल्या होत्या. "माझी सासूही दिवा खालीच सोडायची," त्या तुळसाला म्हणाल्या. "माझी कंबर धरायची, वाकवत नव्हतं. म्हटलं, देवाचा दिवा, वर ठेवला काय नि खाली सोडला काय. इतकी वर्षं नशिबानं निभावलं. तो कशासाठी, हे मला कुणी एका शब्दानं सांगितलं असतं, तर पोटच्या पोराला मी असं उतर म्हटलं नसतं गं." आणि त्यांना रडू आवरेना.

तात्पर्य: रीत शिकवाल तेव्हा तिचं कारणही सांगा, आणि कुणी सांगितलं नाही तर विचारा. ज्या रीतीचं कारण हरवलं, ती कुणाचंच रक्षण करत नाही.