मोहटोलीचं तळं आणि डोमा धिवर

फार वर्षांमागं, मोहटोलीत अजून विहीर नव्हती तेव्हा, सारं गाव एकाच तळ्याचं पाणी प्यायचं. गोष्ट त्याच तळ्याची आहे. ऐका, पण काठापासून जरा लांब बसून ऐका.

त्या तळ्यात डोमा धिवर मासे धरायचा. हात चांगला, पण डोकं तापट. पाण्याखालच्या गवतात अडकून जाळं फाटलं, की तो गवताला शिव्या घालायचा. एका उन्हाळ्यात त्यानं गाव जमवलं आणि सगळं गवत मुळासकट उपटायला घेतलं.

त्याची बायको कौतिका म्हणाली, "सारं उपडू नोका जी. हे मुळं गाळाले धरून रायतेत, गाळातला कस पितेत. गाळ मोकळा झाला त शेवाळ माजल."

"अन् फाटलं जाळं कोन शिवल?" डोमा खेकसला.

त्या वर्षी मासळी उदंड मिळाली. लोक कौतिकाला हसले. पुढच्या वर्षी वारा सुटला आणि तळाचा गाळ उठला. त्यातला कस पाण्यात उतरला, तो खाऊन शेवाळ असं माजलं, की पाणी हिरवंगार, पिठल्यासारखं घट्ट झालं. मासे पोट वर करून तरंगले. पाणी प्यायलेली गुरं काठावरच पडली. असं म्हणतात, पाखरंही तळ्यावरून उडेनात. मग डोमाची धाकटी लेक फुलवंता ते पाणी प्यायली आणि तिचे डोळे फिरले.

डोमाला कौतिकाचं बोलणं आठवलं. त्यानं ओढ्यातलं गवत मुळासकट आणलं, कमरेला बांधलं आणि बुडी मारली. तो वर येईना. लेकीला छातीशी धरून कौतिका काठावरून पाण्याकडे बघत राहिली. मग बुडीच्या जागी पाणी निवळू लागलं आणि तळ दिसला. डोमा दोन्ही हातांनी गाळ दाबून बसला होता. त्याच्या बोटांतून कोंब फुटत होते. असं म्हणतात, त्यानं मान वर करून बायकोकडे पाहिलं. तिनं बोलावलं असतं, तर तो आला असता.

"धरून राहा जी," कौतिका म्हणाली.

लेक वाचली. डोमा वर आला नाही.

आजही वैशाखात पाणी उतरलं, की तळातून बुडबुडे येतात. डोमाची पकड सुटतेय, असं गाव म्हणतं. घरटी एक माणूस पाण्यात उतरून मूठभर गवत गाळात रोवतो आणि बायका काठावरून ओरडतात, "डोमा, धरून राय!"

त्या काठावर 'वर ये' मात्र कोणी म्हणत नाही. पोरगं कितीही खोल गेलं, तरी आई तोंड मिटून स्वतः पाण्यात शिरते आणि त्याला हाताला धरून आणते.