शेवटचा उतारू

"आणखी एक बसला म्हणून काय बिघडतंय?" राजा प्रचंडसेनाने विचारलं, आणि ठकू भोईणीने कपाळाला हात लावला.

नदीपलीकडे राजाचा नवा महाल उठत होता. पाथरवटांना पलीकडे नेणारी नाव एकच, ठकूची. नाव दहा जणांची. पण महालाची घाई झालेल्या राजाने रोज एक माणूस वाढवायला लावला. अकरा झाले, बारा झाले, पंधरा झाले. नावेचा काठ पाण्यापासून जेमतेम चार बोटं वर उरला. सहाव्या दिवशी ठकूने वल्हं खाली ठेवलं आणि तडक दरबार गाठला.

"महाराज, आता पुरे. नाव बुडेल!"

"काल पंधरा होते. बुडाली?"

"नाही."

"मग आज एकाने बुडेल? तो माणूस आहे की हत्ती? तुझं ऐकलं तर उद्या नाव रिकामीच न्यावी लागेल!"

"रिकामीही नको, महाराज. रिकामी नाव वाऱ्याने भेलकांडते. वजन हवंच, पण तिला पेलेल इतकंच."

एका भोईणीने आपल्याला शिकवावं? राजाचे कान लाल झाले.

"उद्या सकाळी घाटावर मला दाखव, नेमका कोणता माणूस नाव बुडवतो! आणि खबरदार, नाव बुडता कामा नये! जमलं नाही तर नाव जप्त, अन् तू महालावर दगड वाहायला!"

ठकू विचार करत घरी गेली. न बुडवता बुडवणारा दाखवायचा कसा?

सकाळी घाटावर पाथरवट रांगेत उभे होते. ठकू म्हणाली, "महाराज, एवढं मोठं कोडं सोडवायचं, तर नावेत दरबारच बसू दे."

राजाने मान हलवली. मानकरी चढले. सेनापती मिशीला पीळ देत बसले. पंधरावे म्हणून प्रधानजी पोट सावरत टेकले, तेव्हा पाणी काठाला दोनच बोटं कमी होतं.

"आता सोळावे तुम्ही, महाराज. या!"

राजाने ऐटीत पाऊल टाकलं. नाव कलली. पाणी भसकन आत आलं.

"नको, महाराज! उतरा!" प्रधानजी किंचाळले. इतक्या वर्षांत राजाला ते पहिल्यांदाच नाही म्हणाले होते.

राजाने पाऊल झटकन मागे घेतलं.

"का हो, महाराज?" ठकूने भाबड्या चेहऱ्याने विचारलं. "एकटेच तर आहात. हत्ती थोडेच आहात? बरं, माणूस सापडला. दाखवू बोट?"

तिचा हात वर येऊ लागला. घाटावर पाथरवटांनी तोंडाला पागोट्याची टोकं लावली.

"नको, नको! हात खाली कर!" राजा ओरडला, आणि स्वतःच खो खो हसत सुटला. राजा हसला म्हणताच नावेतला दरबारही हसू लागला.

"मंडळी, आधी पाच जण उतरा," ठकू करवादली, "मग हसा! नाव हलतेय!"

त्याच दिवशी राजाने तिला सागवानाची दुसरी नाव बांधून द्यायचा हुकूम सोडला. नावेत किती बसायचं ते ठकू सांगेल, असंही त्यात लिहिलं. शिक्कामोर्तब करताना प्रधानजींचं धोतर अजून ठिबकत होतं.