भेकरवाडीच्या विस्तवाची शीव

माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे माझ्या लिहिण्यात चुका असतील, शब्दही साधेच आहेत. माफ करा. पाडव्याच्या आदल्या दिवशी आमच्या भिवातात्यांनी पाहुण्यांना सांगितली, तशीच गोष्ट लिहितो.

कोंडजांभळी गावाची शीव ओढ्याकाठाने सरळ येते आणि एकाएकी डोंगर चढून आमच्या भेकरवाडीला कवेत घेते. पाहुण्यांना त्याचंच नवल वाटलं होतं.

पूर्वी ओढा हीच शीव होती, असे सांगतात. कोंडजांभळी ओढ्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर. पण दप्तरात वाडी डोंगरामागच्या शिरवंडीची. शिरवंडीच्या पाटलाची वेठ घाट चढून करावी लागे. त्या वेठीत येसूचा नवरा ओझ्यासकट कड्यावरून गेला. पुढे पाटलाने तिच्या एकुलत्या मुलालाही बोलावणं धाडलं.

तेव्हा गावोगावच्या शिवा तपासायला सुभेदार आला होता. येसू त्याच्यापुढे उभी राहिली.

"सरकार, चूल विझली की आम्ही विस्तव कुणाच्या दारचा मागतो ते बघा. तेच आमचं गाव."

सुभेदाराला पटलं. वाडीतल्या चुली विझवायचा हुकूम झाला. सकाळी विस्तव जिथून येईल, त्या गावाची वाडी.

पाटील हसला म्हणे. उजाडताच त्याने मडक्यांत निखारे भरून वाडीत दारोदार माणसं उभी केली. तिथेच तो चुकला. आमच्याकडे मडक्यातला विस्तव चालतो तो तिरडीपुढे.

"पाटील, एवढी घाई?" येसू म्हणाली. "अजून कुणी मेलं नाही आमच्यात!"

"तिरडी मागनं येतीय का?" दुसरीने विचारलं, आणि बायांना हसू आवरेना.

निखारे मडक्यातच राख झाले. येसूने खापर उचललं. तिच्यामागून वाडीतल्या साऱ्या बाया ओढा उतरल्या.

"ये गं बये," कोंडजांभळीची पाटलीण दारातून म्हणाली, "कवाची फुंकत बसलेय तुझ्यासाठी!"

सुभेदाराने त्याच दिवशी दगड रोवून शीव वाडीच्या वरून फिरवली. येसूचा मुलगा घाट चढला नाही. वाडीच्या चुलींचा धूर शिरवंडीपर्यंत दिसला, असे म्हणतात.

आजही, घरोघरी गॅस असला तरी, पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी वाडीतल्या चुली विझवतात आणि सकाळी ओढ्यापलीकडून विस्तव मागून आणतात. आमच्या घरी ते काम आईचं. मला कुणाच्या दारात तोंड उघडायची लाज वाटते.

तात्यांनी गोष्ट सांगितली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या आधी मीच खापर घेतलं, ओढा उतरलो आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा ओरडलो, "काकू, विस्तव द्या!"