पिशवी काढल्यावर

“गर्भपिशवी काढून बारा वर्षं झाली, बाई. आता मला कसला कॅन्सर होणार?”

शेवंता वस्तरा पुसत म्हणाली. आमच्या मठात आम्ही संन्यासिनी एकमेकींचं मुंडण करतो, आणि आमच्या गुरू गोदाईसा यांचं मुंडण करायचा मान शेवंताचा. तो मान तिला चांगलाच चढला होता. नवरा, घर, केस, सगळं टाकून आल्याचं ती येईल त्याला ऐकवायची.

गोदाईसांनी डोकं पुढं केलं.

“आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासायला बोलावलंय ना तुला?”

“बोलावलंय. म्हणतात, पिशवी गेली तरी बाकीचं आत असतंच. मी म्हटलं, कापायचं ते केव्हाच कापलं. रोगाला धरायला माझ्यात उरलंय काय?”

वस्तरा फिरू लागला. उजवी बाजू झाली.

“दीक्षेच्या दिवशी माझे केस काढले होते...” गोदाईसा म्हणाल्या. “मग आज काय काढतेस?”

शेवंता हसली. बाईंचे असले प्रश्न तिला नवे नव्हते.

“केस पुन्हा उगवतात, बाई. पिशवी उगवत नाही.”

“नाही उगवत.” गोदाईसांनी डावी बाजू पुढं केली. “मग तुझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर रक्ताचे डाग कसले?”

वस्तरा थांबला. खरं सांगायचं तर ते डाग आम्हा सगळ्यांनाच दिसले होते. पण तिच्या तोऱ्यापुढं विचारायची एकीचीही छाती झाली नव्हती.

“उष्णतेचे असतील,” शेवंता म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. “भीती वाटते हो, बाई. सगळं टाकलं म्हणून इतकी वर्षं मिरवलं. आता आत काही निघालं तर...”

गोदाईसा उठल्या. अर्धं डोकं गुळगुळीत, अर्ध्यावर पांढरे खुंट. तशाच चपला सरकवून दाराकडं निघाल्या.

“कुठं निघालात?”

“दवाखान्यात. तुझ्याबरोबर.”

“अशा? अर्धं राहिलंय, बाई. लोक हसतील. निदान पदर तरी घ्या डोक्यावरून.”

“हसू देत,” गोदाईसा म्हणाल्या. “तू टाकलेलं मिरवतेस... मी उरलेलं मिरवते. चल.”