तीन वेळा परत पाठवलेली बाई

फार जुनी गोष्ट. राज्यांच्या सीमा तेव्हा नद्या ठरवीत आणि नद्या आपला मार्ग बदलीत, त्यामुळे ही वस्ती कोणत्या राजाची हे आता सांगता येत नाही. लहानथोरांनी एवढेच लक्षात घ्यावे, की एका खाडीच्या काठी यहुद्यांची चाळीस-पन्नास घरे होती. ते तेलाचे घाणे चालवीत, गाई पाळीत आणि सहा दिवस मन लावून कष्ट करीत. सातव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, सारे थांबे. घाणा थांबे, चूल थांबे, बैलाच्या खांद्यावरचे जू उतरे. या दिवसाला ते शब्बाथ म्हणत.

गाईला मात्र वार कळत नाही. शनिवारीही तिची कास भरते, आणि धार काढणे हे काम असल्यामुळे त्या दिवशी यहुद्याला ते वर्ज्य. पण मुक्या जिवाला ताटकळत ठेवणेही त्यांच्या शास्त्राला मान्य नव्हते. म्हणून वाट काढलेली होती. धर्माबाहेरचे कोणी येऊन धार काढील तर चालेल. मात्र त्याला ‘काढ’ अशी आज्ञा करता येणार नाही. वाट समंजस होती. पुढे जे घडले त्यात दोष वाटेचा नाही, तीवरून चालणाऱ्यांचा आहे.

या वस्तीत दर शनिवारी धार काढायला येई भागी नावाची कोळीण. नवऱ्याची होडी चार महिन्यांपूर्वी बुडाली होती आणि ती पोटुशी होती. नवरा गेला तेव्हा वस्तीतल्या बायका सात दिवस तिच्या दारात येऊन बसल्या होत्या. शोक करणाऱ्याजवळ बसावे आणि शेजाऱ्याचा धर्म कोणता हे त्या वेळी पाहू नये, असे त्यांच्याच शास्त्र्यांनी सांगून ठेवले आहे.

एके दिवशी भागी वस्तीचे प्रमुख हसाजी यांच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, “आबा, मला तुमच्यात घ्या.”

हसाजींनी कारण विचारले. तिने सांगितले, की जिथे आठवड्यातून एक दिवस बैलालासुद्धा कोणी हाकत नाही, तिथे आपले मूल जन्मावे अशी तिची इच्छा आहे. मूल आईचे असते, हा त्या लोकांचा नियम तिला ठाऊक होता. जन्माआधी आई आत आली, तर मूल जन्मतःच त्यांचे. नंतर आली, तर मूल बाहेरचे. तिच्या हाती पाच महिने होते.

आता शास्त्र काय सांगते ते नीट ऐका. आत येऊ पाहणाऱ्याला तिघा पंचांनी तीन वेळा परतवावे. आमच्यात येऊन काय मिळवशील, ओझीच फार आहेत, असे त्याला सांगावे. हे अपमानासाठी नव्हे, पारखण्यासाठी. तरीही तो येतो म्हणाला, तर क्षणाचाही विलंब न करता त्याला स्वीकारावे, पाण्यात बुडी देववावी, आणि त्यानंतर तो पूर्वी कोण होता हे जन्मात बोलून दाखवू नये. हसाजींना हे सारे पाठ होते. पाठ असणे आणि ध्यानात असणे यांत अंतर असते, आणि त्या अंतरात माणसे आयुष्य काढतात.

पहिल्या खेपेस हसाजी, दाऊदजी आणि बेनाजी असे तिघे पंच बसले. त्यांनी भागीला खाण्यापिण्याचे निर्बंध सांगितले, राजेलोक यहुद्यांना कसे वेळोवेळी हाकलतात ते सांगितले, आणि परत पाठवले. ती महिन्याने पुन्हा आली. तेव्हा बेनाजी तिळाच्या खरेदीला गेले होते आणि त्यांच्या जागी इसाजी बसले. इसाजी बारकाव्यांचे भोक्ते. त्यांनी शंका काढली: मागचा नकार मागच्या पंचांचा होता; या पंचांनी तर बाईला अजून एकदाही परतवलेले नाही. मग हा दुसरा नकार कसा? हा पहिलाच.

वाचकहो, असल्या शंकेला एका वाक्यात उत्तर देता येते. पण हसाजींनी मान डोलावली. शंका शास्त्रशुद्ध दिसत होती, आणि का कोण जाणे, तिने त्यांना बरेही वाटले.

तिसऱ्या खेपेस बेनाजी परतले होते, पण दाऊदजींना ताप होता. पुन्हा पंच निराळे, पुन्हा नकार पहिला. चौथ्या खेपेस मूळचे तिघे जमले आणि त्यांनी दुसरा नकार दिला. पाचव्या खेपेस इसाजी पुन्हा आले आणि मोजणी पुन्हा मागे गेली. भागी प्रत्येक वेळी खाडीच्या चिखलातून वाट काढीत येई, पोट सांभाळीत उभी राही, तीच ओझी ऐके आणि तेच उत्तर देई: “उचलीन.” इसाजींनी तर एकदा तिला विचारले, की याआधी किती वेळा आलीस ते आठवते का. ती म्हणाली, “मला आठवतंय, आबा. तुम्हीच दर वेळी विसरता.”

वस्तीची सुईण रिबकामावशी. तिची जीभ तिच्या कात्रीहून धारदार होती. तिने हसाजींना भर अंगणात गाठले.

“काय रे हसाजी, त्या पोरीला कितीदा चिखल तुडवायला लावणार?”

“मावशी, नियम आहे.”

“नियम मलाही ठाऊक आहे. तुझ्या गोठ्यात गाई किती?”

“सात. त्याचा इथे काय संबंध?”

“ती आपल्यात आली, की शनिवारी तिलाही धार काढता येणार नाही. त्या सात गाईंनी तुमचं शास्त्र अडवून धरलंय.”

हसाजी संतापले. आपल्या मनात असे काही नाही, असे त्यांनी शपथेवर सांगितले, आणि ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी आपल्या मनात डोकावून पाहिलेच नव्हते.

भागीच्याही हे ध्यानात आले असावे. कारण त्यानंतरच्या शनिवारी ती वस्तीत आली खरी, पण धुतलेले लुगडे नेसून प्रार्थनामंदिराच्या बाहेर स्वस्थ बसली. गाई हंबरू लागल्या. आज्ञा तर करता येत नाही. म्हणून इसाजी तिच्याजवळ जाऊन आभाळाकडे पाहत म्हणाले, की गाई आज फारच हंबरत आहेत.

“हो, ऐकू येतंय,” भागी म्हणाली.

कासा दुखत असतील बिचाऱ्यांच्या, असे इसाजी पुटपुटले. भागी म्हणाली, की आज शब्बाथ आहे आणि ती विसावा घेत आहे. तेव्हा इसाजींनी पोथीतले वचन काढले: जो आपला नाही, त्याने हा दिवस पुरता पाळू नये. भागी म्हणाली, “मग मला आपलं करा.” इसाजी म्हणाले, की ते अजून करता येत नाही. म्हणजे बाहेरची म्हणून तिने विसावा घ्यायचा नाही, आणि बाहेरचीच राहावी म्हणून आत घ्यायचे नाही. असा फास विणायला विद्वत्ता लागते. साध्या माणसाला तो जमत नाही.

भागी उठली आणि तिने धार काढली. गाईंचा तिच्यावर राग नव्हता, तिचाही गाईंवर नव्हता.

दिवस भरले. पुढच्याच शनिवारी सकाळी प्रार्थना चालू असताना शेजारची कोळीण धावत आली. भागी अडली होती; मूल आडवे होते. वस्तीतली बाई असती तर प्रश्नच नव्हता. जीव वाचवण्यापुढे शब्बाथ मागे सरतो, हे त्यांच्या शास्त्राचे मोठेपण. पण भागी बाहेरची. बाहेरच्या बाईसाठी यहुदी सुइणीने शब्बाथच्या दिवशी हत्यार हाती घ्यावे का, यावर जुन्या शास्त्र्यांत मतभेद होते; नंतरच्यांनी शेजार राखण्यासाठी मोकळीक दिली होती. इसाजींनी मतभेदांपासून आरंभ केला. दाऊदजींनी मोकळीक सांगितली. बेनाजींनी मोकळिकीच्या मर्यादा सांगितल्या. गोठ्यांतून गाई हंबरत होत्या, खाडीकडून भागीच्या किंकाळ्या येत होत्या, आणि मंदिरात चौथा मुद्दा निघाला होता.

रिबकामावशी पहिल्या मुद्द्यालाच कात्री घेऊन निघून गेली होती.

दुपारी मुलगा झाला. आई वाचली, मूल वाचले. मावशी परतली तेव्हा चर्चा संपत आली होती आणि निर्णय ‘जावे’ असाच होण्याची चिन्हे होती. तिने रक्ताचे हात तसेच दाखवले आणि ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी हसाजी भागीच्या झोपडीत गेले. बरोबर मूळचे दोघे पंच होते. त्यांची मान खाली होती. त्यांनी सांगितले, की तिसरा नकार ते सोडून देत आहेत. ती आजच आत येऊ शकते.

भागीने मुलाला पदराखाली घेतले. “आणि हा?”

हसाजी अडखळले. मूल जन्माला आले तेव्हा आई बाहेरची होती. त्यालाही रीतसर आत घ्यावे लागेल.

“त्याला तीनदा कोण परत पाठवणार, आबा?” तिने विचारले. “तुम्ही, की इसाजी?”

ती पुढे म्हणाली, “तुमच्या देवावर माझा राग नाही. त्याने मला एकदाही परत पाठवलेलं नाही.”

चाळीस दिवसांनी ती होडीने खाडीपलीकडे गेली. तिथेही यहुद्यांची वस्ती होती, पंचही तीन होते आणि पोथीही तीच होती. पंचांपैकी एक म्हातारा आंधळा होता. त्याने तिला एका बैठकीत तीनदा नको म्हटले, तिने तीनदा येते म्हटले, आणि बायका तिला व तिच्या मुलाला घेऊन पाण्यात उतरल्या. केस सुकण्याच्या आत ती घरात बसून जेवत होती.

अलीकडच्या वस्तीला धार काढणारे पुन्हा कोणी मिळाले नाही. कोळीवाड्यात सर्वांनी सर्व ऐकले होते. हसाजींनी गाई विकल्या. मग हळूहळू माणसेही कमी झाली. जिथे लग्न ठरवायलाही तीन-तीन बैठका लागत, तिथून तरुण जोडपी एकेक करून पलीकडे गेली. तेरा वर्षांनी हसाजींची बायको वारली. मृतासाठी म्हणायच्या प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. वस्तीत नऊ उरले होते. खाडीपलीकडे भागीचा मुलगा त्याच महिन्यात तेरा वर्षांचा झाला होता. पण त्याला कोणत्या तोंडाने बोलवायचे हे नवांपैकी एकालाही सुचेना.

नऊ जण मंदिरात उभे राहिले. इसाजींनी विचारले, की नवांत भागेल असे कुठे लिहिले आहे का. हसाजी म्हणाले, “नाही, इसाजी. या वेळी शोधू नकोस.” आणि प्रार्थना न म्हणताच ते बायकोला माती द्यायला गेले.

तात्पर्य: येणाऱ्याला पारखण्याचा अधिकार घराला असतो, पण आपल्या सोयीसाठी जो पारख संपूच देत नाही, तो घराचे रक्षण करीत नाही, ते रिकामे करतो.